आमच्या कॉलेजचा नॉर्मल माणूस

आयुष्यात पहिला स्नायू मी ज्यांच्या अंगावर शोधला, ते आमच्या कॉलेजचे शिपाई होते. त्यांना सगळे मामा म्हणायचे. प्राचार्यही मामा म्हणायचे आणि समोरचा चहावालाही.

मी वेळापूरची. डॉक्टर व्हायचं लहानपणापासून ठरलेलं होतं, पण मार्क तेवढे पडले नाहीत आणि सोलापुरातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात नंबर लागला. आमच्या अण्णांना गावात कुणीतरी सांगितलं की हा मालिशचा कोर्स आहे. त्यांची समजूत काढायला मी विषयांची यादी वाचून दाखवली. कायनेसिऑलॉजीवर आले तेव्हा म्हटलं, "अण्णा, हे म्हणजे माणूस हालचाल कशी करतो त्याचं शास्त्र." अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे चालायचं कसं ती शिकाया साडेचार वर्सं?"

मनातून मलाही तसंच वाटत होतं. पहिले दोन महिने मी रोज रडत होते. डोळे लाल झालेत ते सोलापूरच्या उन्हामुळं, असं मैत्रिणींना सांगायचे.

पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडम आम्हाला लॅबमध्ये घेऊन गेल्या. कायनेसिऑलॉजी त्याच शिकवायच्या. एका कोपऱ्यात पडदा होता. त्यामागून पन्नाशीचे एक गृहस्थ बाहेर आले, उघडे, फक्त पांढरी हाफपँट घातलेली. ती इतकी पांढरी आणि इस्त्रीची, की शाळेतल्या कवायतीला निघालेत असं वाटावं. ते लाकडी चौरंगावर चढले आणि हात बाजूला सोडून, छाती न फुगवता, सरळ उभे राहिले.

"हे मामा," मॅडम म्हणाल्या. "यांच्या खांद्यावर डेल्टॉइड शोधा."

आम्ही बहुतेक मुली. वडिलांच्या वयाचा उघडा माणूस समोर उभा, त्याला हात कसा लावायचा. कुणी पुढं होईना. शेवटी मामाच बोलले, "डॉक्टर, लाजू नका. हे अंग कॉलेजचं हाय. फकस्त हात गार असला तर चोळून लावा."

ते माझ्याकडे बघून बोलले होते. मार्कांनी हुकलेला तो शब्द मला पहिल्यांदा कुणी लावला तो त्यांनी. नंतर कळलं, ते सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणायचे. तरी मी हात चोळले आणि पुढं गेले.

माझ्या जोडीला तबस्सुम होती. तिच्या घरी चादरींचा धंदा, घरात उर्दू, बाहेर मराठी, आणि भीती अशी कशाचीच नाही. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, तुम्हालाच का उभं करतात?"

"मी बारीक होतो," मामा म्हणाले. "पयल्या सरांला असा मानूस पायजे होता की ज्याची शीर न् शीर दिसंल. मी तवा नवीन लागलेलो. अंगावर चरबी न्हवती. खायालाच न्हवतं तर कुटनं येनार?"

ते अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातले. घरात कानडी आणि मराठी दोन्ही. आकडे मात्र कानडीतच मोजायचे. जिना चढताना, पाण्याचे जार उतरवताना, आम्ही त्यांचा गुडघा वाकवून अंश मोजत असताना, ओठातल्या ओठात वंदू, येरडू, मूरू चाललेलं असायचं.

स्नायूंची लॅटिन नावं त्यांना सगळी पाठ होती, पण ती त्यांना पसंत नव्हती. त्यांची स्वतःची नावं होती. डेल्टॉइड म्हणजे खांद्याची टोपी. पोटरीच्या स्नायूला ते आंबा म्हणायचे. बरगड्यांवर बोटांसारखा पसरलेला एक स्नायू आहे, तो करवत. आणि कमरेच्या बाजूला एक आखूड, जाड स्नायू असतो. आपण एक पाय उचलला की दुसऱ्या बाजूनं कंबर पडू न देणारा तो. त्याला ते 'घरचा कर्ता' म्हणायचे. "ह्यो कुनाला दिसत न्हाय," ते सांगायचे, "पर ह्यो आजारी पडला की सगळं घर लंगडतं." पुस्तकातलं पान मी चार वेळा वाचलं होतं, पण तो स्नायू समजला तो त्या एका वाक्यानं.

आम्ही त्यांच्या अंगावर हाडांच्या खुणा करायचो, स्केच पेनानं. फुल्या, गोल, बाण. प्रॅक्टिकल संपलं तरी मामा त्या पुसायचे नाहीत. मागच्या बाकावरच्यांचं जर्नल राहिलं असेल तर, म्हणून शर्ट घालून तसेच घरी जायचे. एकदा भाचीच्या लग्नात हळद लावायला शर्ट काढला तर पाठीच्या कण्यावर निळ्या ठिपक्यांची रांग. बायकांना वाटलं कुणीतरी करणी केली. मामांनी तिथंच सगळ्यांना मणक्यांचे नंबर सांगितले. हे मला मामींनी सांगितलं, त्यांची हकीकत पुढं येईल.

त्यांचा अभिमान मात्र एकाच गोष्टीचा होता. आमच्या प्रत्येक जर्नलमध्ये वर लिहिलेलं असायचं, 'सब्जेक्ट : नॉर्मल ॲडल्ट मेल.' मामांनी कधीतरी कुणाला तरी त्याचा अर्थ विचारला होता. तेव्हापासून 'नॉर्मल' ही त्यांची पदवी झाली. "पंचवीस बॅचेस झाल्या," ते सांगायचे, "समद्यांच्या वह्यांत मीच नॉर्मल हाय." आणि ती पदवी ते जपायचे. पिशवी कधी एका हातात घ्यायचे नाहीत. दोन किलो बटाटे आणायचे असले तर एक-एक किलोच्या दोन पिशव्या. मोटारसायकलवर मागं बसायचं नाही, कंबर वाकडी होते. तंबाखू नाही, उशी नाही. देवळात गेल्यावरसुद्धा ते दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहायचे, शेजारचे सगळे एका पायावर रेललेले असताना.

एकच उणीव होती आणि ती त्यांना फार लागायची. मनगटाच्या मधोमध एक बारीक दोरी उठून दिसते, अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवलं की. कितीतरी लोकांना ती जन्मतःच नसते, आणि नसल्यानं काही अडत नाही. मामांच्या उजव्या हाताला होती, डाव्याला नव्हती. "सगळं दिलं त्यानं, हितं तेवढं इसरला," ते म्हणायचे. मग जो भेटेल त्याला मनगट वाकवायला लावायचे. चहावाला, पोस्टमन, फी भरायला आलेले पालक. प्राचार्यांना दोन्ही हातांना ती दोरी नाही हे कळलं त्या दिवशी मामांनी आम्हाला चहा पाजला.

पहिल्या वर्षी मी ॲनाटॉमीत नापास झाले. सुट्टीत पुन्हा बसले. त्या काळात दुपारी लॅब उघडून देऊन मामा माझ्यापुढं उभे राहायचे, आणि मी चुकीच्या जागी बोट ठेवलं की खोकायचे. मी बोट सरकवायची. बरोबर जागी आलं की खोकला थांबायचा. त्या खोकल्यावर मी पास झाले असं म्हटलं तरी चालेल.

परीक्षेत मात्र ते कधी खोकले नाहीत. बाहेरून परीक्षक आले की मामा दगडासारखे. अपवाद एकदाच झाला, पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला. पुण्याहून आलेल्या सरांनी तबस्सुमला मामांच्या मांडीच्या हाडाचं वरचं टोक दाखवायला सांगितलं. तिनं कमरेखाली बाजूला बोट ठेवलं. सर म्हणाले, "चूक." आणि स्वतः बोट ठेवून दाखवलं. तबस्सुमचा चेहरा पडला. मामा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "साहेब, त्यांचं बोट बराबर हाय. तुमी दोन बोटं वर गेला."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. सरांनी चष्मा नीट केला, मामांचा पाय आत-बाहेर फिरवून पुन्हा चाचपलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात हे?"

"ह्यांच्या हाताखाली," मामा म्हणाले आणि आमच्याकडे मान हलवली.

ही सगळी मजा सांगायला मला आवडते. पण मामांची आठवण काढायची म्हटलं की मला आधी आठवतो तो खाकी कागद.

दुसऱ्या वर्षाला चालण्याचं प्रॅक्टिकल असतं. मोठ्या कॉलेजांत त्यासाठी कॅमेरे आणि मशिनं असतात. आमच्याकडे व्हरांडा होता, खाकी कागदाची लांब गुंडाळी होती आणि परातीत कालवलेला गेरू होता. मामा परातीत पाय बुडवायचे आणि कागदावरून आपल्या नेहमीच्या चालीनं चालत जायचे. मग आम्ही गुडघ्यांवर बसून मोजायचं. एका पावलापासून दुसऱ्यापर्यंत किती, दोन पावलांत रुंदी किती, पंजा किती बाहेर वळतो. मोजून झालं की कागद वाळवून मामा त्याची सुरळी करायचे, टॉवेलच्या कारखान्यातल्या किनारीच्या पट्टीनं बांधायचे आणि कपाटावर ठेवून द्यायचे. मॅडम दर वर्षी म्हणायच्या, टाकून द्या. ते टाकायचे नाहीत.

माझं आणि तबस्सुमचं माप चुकलं. म्हणजे मॅडम म्हणाल्या चुकलं. पाऊल फारच आखूड आलं होतं.

"टेप सरळ धरा. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. मामा म्हणाले, "टेपच खोटा आसंल." दुसरा टेप आणला. तेच. मॅडमना दुसऱ्या वर्गावर जायचं होतं. त्या म्हणाल्या, "उद्या नीट करून दाखवा, नाहीतर सही मिळणार नाही."

मी आधीच एकदा नापास झालेली. मला सही हवी होती. तबस्सुमला म्हटलं, मागच्या वर्षीची सुरळी काढू, त्यावरचे आकडे उतरवू, मामा तेच आहेत, पाय तेच आहेत. खरं तर मी कॉपी करायला निघाले होते. जेवणाच्या सुट्टीत मामा बाहेर गेले तेव्हा आम्ही स्टुलावर चढून दोन सुरळ्या काढल्या. एक मागच्या वर्षीची, एक त्याच्याही तीन वर्षं आधीची, हाताला आली ती. व्हरांड्यात तिन्ही कागद शेजारी शेजारी पसरले.

मोजायची गरजच पडली नाही. जुन्या कागदावर पावलं ऐसपैस पडलेली. मागच्या वर्षीची थोडी जवळ आलेली. आणि आमच्या कागदावर तेवढ्याच लांबीत चार पावलं जास्त होती. डाव्या पायाच्या अंगठ्यापुढं गेरूची एक बारीक रेघ ओढलेली होती, प्रत्येक पावलाला. जुन्या कागदावर ती रेघ कुठंच नव्हती.

तबस्सुम उकिडवी बसून बघत होती. "पाय घासतोय," ती म्हणाली.

तेवढ्यात मामा फाटकातून येताना दिसले. दीड वर्षं आम्ही त्यांचा एकेक स्नायू बोटांनी चाचपला होता. पण त्यांना येताना असं बघितलं नव्हतं. उजवा हात चालण्याबरोबर हलत होता. डावा हात अंगाला धरून ठेवल्यासारखा होता. आम्ही कागद गुंडाळले. त्या दुपारी मी मस्टर उघडून त्यांच्या सह्या बघितल्या. वर्षाच्या सुरुवातीची सही चौकटीत मावत नव्हती. आताची मुंगीएवढी.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी रागावल्या, मग सगळे कागद घेऊन बसल्या. "मी रोज त्यांच्या हातचं पाणी पिते," त्या म्हणाल्या. "रोज समोरून येतात."

मामांना कसं सांगायचं हे ठरायच्या आधीच ते त्यांना कळलं, आणि ते माझ्यामुळं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी तबस्सुमला विचारलं, "मग जर्नलवर आता काय लिहायचं? नॉर्मल तर नाही ना लिहिता येणार." पडद्यामागं मामा हाफपँट बदलत होते. ते बाहेर आले ते फुल पँट घालून.

"आज न्हाय जमत," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर ते कामावर यायचे, घंटा द्यायचे, पाणी भरायचे, पण लॅबकडे फिरकायचे नाहीत. मला डॉक्टर म्हणायचे नाहीत. पुढच्या सोमवारी ते आलेच नाहीत. मंगळवारीही नाही. आणि कपाटावरच्या सुरळ्याही नव्हत्या.

बुधवारी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मामी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामाला होत्या, नुकत्याच आलेल्या. केसांना सुताचा कापूस लागलेला होता. आम्ही कॉलेजच्या म्हटल्यावर त्यांनी दार पूर्ण उघडलं, जणू कुणीतरी यायची वाटच बघत होत्या.

मामा आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. सुरळ्या खाटेखाली होत्या.

"शर्टाची बटनं दिवाळीपासनं मीच लावतीया," मामी आमच्यासमोरच म्हणाल्या. "कुशीवर वळाया लागलं तर हात द्यावा लागतोय. म्हनत्यात, कालेजात सांगू नगंस."

"गप की," मामा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

तबस्सुम म्हणाली, "मामा, डॉक्टरांना दाखवू. मोठ्या दवाखान्यात."

"कशाला? कंपवात म्हननार. मला म्हाईत न्हाय व्हय? मी पन ऐकलंय समदं, वर्गात हुबं ऱ्हाऊन." त्यांनी हात पुढं केला. "पर बगा की, हात कुटं थरथरतोय?"

हात थरथरत नव्हता. तो नुसताच तिथं होता.

मी माफी मागायला गेले होते. पण आधी मामाच बोलले, माझ्याकडे न बघता. "डॉक्टर, पंचवीस वर्सं ह्या अंगावर पोरं पास झाली. आता अंगच नापास झालं."

मी काय बोलले ते अजून आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. मी म्हणाले, "मामा, नापासांना पुन्हा बसता येतं. मी बसले की. तुम्हीच बसवलंत."

मामी पदर तोंडाला लावून हसल्या, का रडल्या, मला कळलं नाही. मग मामांनी विचारलं, "तुमची सही झाली का त्या जर्नलवर?"

"नाही."

"का?"

"खरे आकडे लिहिले. वर काय लिहायचं ते ठरलं नाही."

त्यांनी मान हलवली. चहा झाला. निघताना दारापर्यंत आले, आणि उंबऱ्यापाशी त्यांचे पाय अडले. पुढं जायचं होतं, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे. तो प्रकार आम्ही पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितला. मामींनी मुकाट्यानं आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढं आडवं ठेवलं. मामांनी ते ओलांडलं आणि बाहेर आले. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. माणूस अडतोय म्हटल्यावर त्यांनी काहीतरी करून बघितलं होतं, आणि ते बरोबर होतं.

मॅडम स्वतः त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. निदान तेच निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्यांचा हात थरथरतोच असं नाही, गोळ्यांनी फरक पडेल, पण गोळ्यांइतकाच व्यायाम महत्त्वाचा, आणि तो रोज. मामा म्हणे त्यांना म्हणाले, "व्यायामाचं कालेज हाय माझं." आजार बरा होणारा नाही हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

ऑफिसातून निरोप आला की लॅबसाठी दुसरा माणूस बघावा आणि मामांना फाटकाजवळ बसायचं काम द्यावं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. बसून काम, त्रास नको, एवढंच. मॅडम भांडायला निघाल्या होत्या, पण मामांनी त्यांना थांबवलं आणि एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या वर्षाचा तास होता, चालण्यातल्या बिघाडांचा. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. मागच्या दारानं मामा आत आले. पांढरी हाफपँट, तशीच कडक इस्त्रीची. बटणं लावण्याची भानगड नको म्हणून वर बंडी. त्यांना चौरंगावर चढायला वेळ लागला. कुणी हात दिला नाही, त्यांनी तसं डोळ्यांनीच सांगितलं होतं. चढले, उभे राहिले, आणि म्हणाले, "आजपासनं मी ह्या धड्याला हाय. लिवून घ्या. डावा हात कमी हलतोय. पाऊल आखूड. वळताना चार-पाच पावलं लागत्यात. आनि काय दिसलं तर तुमी सांगा, मला म्हागचं दिसत न्हाय."

आम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुली खिडकीतून बघत होतो. तिसऱ्या वर्षाच्या कुणीच लिहून घेत नव्हतं. "लिवा की," मामा म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी पेनं उघडली.

मग सुरू झाली खरी मेहनत. व्हरांड्यात जमिनीवर पट्ट्या लावायच्या होत्या. आडव्या रेघा समोर दिसल्या की असे अडलेले पाय उचलले जातात, मामींचं पाऊल आडवं आलं की उचलले जात तसे. तबस्सुमनं घरून पिवळी चिकटपट्टी आणली. मी पुस्तकातलं अंतर काढून पट्ट्या चिकटवायला बसले. मामा आले, बघितलं, आणि म्हणाले, "हे कुनाचं माप?"

"पुस्तकातलं. नॉर्मल."

"त्यो पुस्तकातला मानूस कोन हाय, मला म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "माजं घ्या."

ते घरी गेले आणि खाटेखालची सगळ्यात जुनी सुरळी घेऊन आले. आमच्याही आधीच्या कितीतरी बॅचची. कागद कडेनं फाटलेला, गेरू उडालेला, पण पावलं स्पष्ट होती. ती आम्ही व्हरांड्यात अंथरली आणि प्रत्येक पावलाशेजारी जमिनीवर पट्टी चिकटवत गेलो. मग कागद उचलला.

मामा पहिल्या पट्टीपाशी उभे राहिले. बराच वेळ हलले नाहीत. मॅडम मागं उभ्या होत्या, हात त्यांच्या कमरेपासून चार बोटांवर, न टेकवता. मामांनी खाली बघितलं, ओठ हलले, आणि मोठ्यानं म्हणाले, "वंदू." उजवा पाय पडला. "येरडू." डावा पाय उचलला गेला, पट्टीच्या पलीकडं पडला. मूरू, नालकू, ऐदू. अकरा पट्ट्या होत्या. शेवटच्या दोन त्यांना जमल्या नाहीत, तिथं पाय घासला. पण बाकीच्या नऊ त्यांनी आपल्या तरुणपणच्या मापानं ओलांडल्या.

टोकाला पोचल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला. घाम आला होता. म्हणाले, "पाय टाचंवर पडले का बोटावर?"

"टाचेवर," मी म्हटलं.

"सगळे?"

"सात टाचेवर. दोन बोटांवर."

"मग सातच लिवा," ते म्हणाले.

दोन वर्षं मी रोज सकाळी पाऊण तास त्यांच्याबरोबर त्या व्हरांड्यात चालले. मोठ्यानं मोजायचं, हात मुद्दाम जास्त फेकायचे, वळताना गोल वळायचं, खुर्चीतून उठताना नाक पुढं न्यायचं. कधी चार दिवस छान जायचे आणि पाचव्या दिवशी खुर्चीतून उठवायचं नाही. आजार आपल्या गतीनं पुढं जात होता, आम्ही आमच्या गतीनं त्याच्या आड येत होतो. त्या दोन वर्षांत मी कधी तरी रडायची थांबले, नेमकं कधी ते सांगता येणार नाही. अण्णा एकदा सोलापूरला आले असताना व्हरांड्यात तासभर उभे राहून हे बघत होते. परत जाताना म्हणाले, "लई चिवट हाय गं त्यो मानूस." थोड्या वेळानं म्हणाले, "तू बी." माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी काढलेला तो पहिला चांगला शब्द.

मामा निवृत्त झाले, पण मंगळवारी आणि शुक्रवारी ते कॉलेजच्या ओपीडीत येतातच. हातात काठी असते, ती ते जमिनीवर कमी आणि विद्यार्थ्यांकडे रोखून जास्त वापरतात. मी आता अक्कलकोट रोडलाच एका छोट्या दवाखान्यात काम करते. तबस्सुम त्याच कॉलेजात शिकवते.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर आले. आजार तोच. मुलगा जबरदस्तीनं घेऊन आला होता. काका खुर्चीतून उठायलाच तयार नाहीत. "तीस वर्सं गाडी चालवली," म्हणाले. "आता पाय गिअरच टाकत न्हाईत. सोडा मला." तीन वेळा आले, तिन्ही वेळा तेच. गोळ्या घेत होते, व्यायामाला नाही म्हणत होते. त्यांना पडायची भीती होती आणि ती कबूल करायची लाज. चौथ्या वेळी शुक्रवार होता. मी त्यांना आणि मुलाला माझ्याकडे न थांबवता रिक्षात बसवून कॉलेजच्या ओपीडीत घेऊन गेले.

मामा तिथं भिंतीला पाठ लावून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे होते. आवाज आता फार बारीक झाला आहे त्यांचा, जवळ जावं लागतं. मी काकांची हकीकत सांगितली. मामांनी काकांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुटल्या डेपोला हुता?"

काकांनी सांगितलं.

"घाटाचा रस्ता?"

"व्हय. बारा वर्सं."

"पुढची गाडी थांबली की तुमी काय करायचा?"

"थांबायचो की. अंतर ठिवून."

"मग चला," मामा म्हणाले. "मी पुढं हाय. मी थांबलो की थांबा. मी निघालो की निघा. घाई न्हाय, म्हागं कोन हॉर्न वाजवत न्हाय."

काकांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकून उठले. मी आणि तबस्सुम त्यांच्या दोन्ही बाजूंना गेलो, पण हात लावला नाही. मामा निघाले. त्यांच्यामागं दोन हात अंतर ठेवून काका निघाले. हॉलच्या दारापाशी मामांचे पाय अडले. काका मागं थांबले. मामांनी काठीचं टोक पायापुढं आडवं धरलं, ते ओलांडलं आणि काठी तशीच मागं काकांकडे दिली. काकांनीही ती आपल्या पायापुढं धरली, ओलांडली, आणि दोघं व्हरांड्यात गेले.

परतताना रिक्षात अर्ध्या वाटेवर काकांनी विचारलं, "ह्यो मामा परत कवा आसतो तितं?"

"मंगळवारी," मी म्हटलं.

"मंगळवारी मी एकटा यीन," ते म्हणाले. "पोराला कामावर जाऊ द्या."